कीपरच्या आईचा मोबाईल

रविवारी रात्री जेवायला बसलो होतो. मुलीनं ताटाशेजारी मोबाईल आणून ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा व्हिडिओ फिरतोय."

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. त्याच दिवशी दुपारी झालेल्या, तेरा वर्षांखालच्या पोरांच्या सामन्यातला. चेंडू बारला लागतो, खाली आपटतो, कीपर झेप घेऊन तो बाहेर ओढतो, आणि मागे कुठंतरी एक टक्कल पडलेला माणूस दोन्ही हात हलवत 'नाही, नाही' म्हणतो. तो मी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पंचांना वर्गणी काढून चष्मा देऊया.' चष्मा मला आहेच. तोही व्हिडिओत दिसत होता.

मुलगी म्हणाली, "पण बाबा, आत वाटतोय."

मलाही आत वाटला. तेवढ्यावर जेवण संपलं.

कोल्हापुरात पंच असणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉल पेठांचा आहे, तालमींचा आहे. कुस्तीच्या आखाड्यांची नावं घेऊन संघ उतरतात. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की हजारोंनी माणसं बसतात आणि त्यातला प्रत्येकजण पंच असतो, फक्त शिटी एकाच्याच गळ्यात असते. मी स्वतः पेठेच्या संघातून खेळलो, गुडघा गेला, मग परीक्षा देऊन पंच झालो. आठवडाभर बँकेत काउंटरवर बसतो आणि रविवारी पोरांचे सामने घेतो. मोठ्यांचे सामने आता झेपत नाहीत. गुडघ्यालाही नाही आणि मनालाही नाही.

पोरांच्या सामन्यात पंच एकटाच असतो. लाईनमन म्हणून दोन्ही संघांतलं एकेक राखीव पोर निशाण घेऊन उभं करायचं. ते दहा मिनिटं निशाण धरतं, मग सामना बघायला लागतं, आणि आपल्या संघानं गोल केला की निशाणासकट मैदानात पळत येतं. गोलरेषा फक्कीची. हाफटाईमपर्यंत कीपरच्या बुटांनी ती इतकी पसरते की वीतभर रुंदीचा पांढरा ढगच उरतो. चेंडू रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला तरच गोल, हा नियम पाठ आहे. पण कुठली रेषा, हे त्या ढगाला विचारायचं.

आणि आता हे मोबाईल. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला, त्यात आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हापासून पोरांना मैदानावर घेऊन येणारे आईबाप वाढले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हल्ली निवड चाचणीच्या आधी 'मुलाचा व्हिडिओ आहे का' असंही विचारतात. त्यामुळं कडेला तीस पालक असले तर वीस हात वर. पूर्वी शिव्या ऐकू यायच्या, आता शिव्यांचं रेकॉर्डिंगही होतं.

त्या रात्री झोप आली नाही. व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि व्हीएलसीमध्ये एकेक फ्रेम पुढं सरकवत बसलो. एका फ्रेममध्ये चेंडू बारच्या खाली, हवेत. पुढच्या फ्रेममध्ये जमिनीला टेकून वर उसळलेला. मधलं काहीच नाही. आमचा वाद त्या मधल्या जागेतच होता. मोबाईल सेकंदाला साधारण तीस फ्रेम घेतो. चेंडू ताशी छत्तीस किलोमीटरनं चालला असेल तरी दोन फ्रेमच्या मध्ये तो तेहतीस सेंटिमीटर सरकतो. या पोरांचा चार नंबरचा चेंडू एकवीस सेंटिमीटरही रुंद नसतो. म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये चेंडू स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त गेलेला असतो आणि त्याचा पुरावा जगात कुठंच नसतो.

तरीही 'आत वाटतोय' जाईना. दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर पुतण्याला घेऊन मैदानावर गेलो. सोबत चेंडू, टेप आणि एक सुतळी. व्हिडिओ ज्या पायऱ्यांवरून काढला होता ती जागा मागच्या झाडावरून शोधली. झूमही तेवढाच ठेवला. पुतण्याला गोलमध्ये उभं करून सांगितलं, चेंडू रेषेच्या अलीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर धर. अलीकडे म्हणजे टेप लावून वीस सेंटिमीटर अलीकडे. मी पायऱ्यांवरून बघितलं तर चेंडू सरळ आत होता. स्वच्छ गोल. मग म्हटलं, तिथंच खाली ठेव. खाली ठेवल्यावर तो बाहेर आला.

कारण साधं आहे, पण शिटी फुंकून पंधरा वर्षं झाली तरी मला ते असं कधी दिसलं नव्हतं. पायऱ्या मैदानाच्या मधल्या बाजूला आहेत. तिथून गोलकडं तिरकं आणि वरून बघितलं की हवेतला चेंडू त्याच्या मागच्या जमिनीवर असल्यासारखा दिसतो. मागची जमीन म्हणजे गोलच्या आतली. चेंडू जितका उंच तितका तो जास्त 'आत'. पुतण्या म्हणाला, "काका, मग गोल नव्हताच." मी म्हटलं, असं नाही. या व्हिडिओवरून कळत नाही, एवढंच. त्याला ते पटलं नाही. त्यातलं निम्मं मलाही पटलं नाही. तो गोल होता की नाही, मला आजही माहीत नाही.

पुढच्या शनिवारी संयोजकांनी पालकांची बैठक घेतली. संयोजकांचं म्हणणं होतं, मैदानावर मोबाईल बंद. लगेच एक बाप उठला. "पोरगं माझं, फोन माझा, बंद कसा?" त्यात त्याचं चुकीचं काही नव्हतं. मी म्हटलं, बंद नको. काढा व्हिडिओ, पण फिरवण्याआधी मला द्या. कच्चे, न कापता. मला बघायचंय मी कुठं चुकतो ते. सगळे गप्प झाले. पंच स्वतःहून असं म्हणतोय म्हटल्यावर यात काहीतरी डाव असणार, असं बऱ्याच जणांना वाटलं असावं.

मग पहिला प्रश्न आला तो सगळ्यांच्या मनातला होता. सामना चालू असतानाच व्हिडिओ बघून निर्णय बदलणार का? नाही म्हटलं. नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की खेळातल्या घटनांवर, म्हणजे गोल झाला की नाही यावरसुद्धा, पंचाचा निर्णय अंतिम. खेळ पुन्हा सुरू झाला की तो निर्णय मागं घेता येत नाही. व्हिडिओ बघायचा तर त्याची वेगळी व्यवस्था आणि वेगळी परवानगी लागते. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला मदत करणाऱ्या पंचांची व्यवस्था, २०१८ पासून नियमात आहे, पण तो वाटेल त्याला वाटेल तेव्हा वापरता येत नाही. आणि तिथंही गोल, पेनल्टी, लाल कार्ड, चुकीच्या खेळाडूला कार्ड, अशा मोजक्याच गोष्टींसाठी.

"मग सराव सामन्यात करून बघू की," एक प्रशिक्षक म्हणाला. त्यानं कुठंतरी वाचलं होतं. फिफानं २०२४ मध्ये कोलंबिया आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या मुलींच्या विश्वचषकांत एक स्वस्तातली पद्धत वापरून बघितली. व्हिडिओ पंचांची वेगळी खोली नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला दोनदा दाद मागायची मुभा, दाद बरोबर ठरली तर ती शिल्लक राहते, आणि मैदानावरचा पंचच कडेला जाऊन पडद्यावर बघतो. आपल्याकडं पडद्याच्या जागी मोबाईल. सराव सामन्याला नियमावलीचा धाक नाही. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता.

दोन्ही गोलरेषांच्या सरळ रेषेत, मैदानाबाहेर दोन मोबाईल लावले. एक लग्नाचे फोटो काढणाऱ्या पालकाच्या तिपायीवर, दुसरा प्लास्टिकच्या स्टुलावर विटेला रबर लावून. मोबाईल सांभाळायला समोरच्या संघाचा पालक, म्हणजे कुणाची तक्रार नको. सामना सुरू झाला. नवव्या मिनिटाला पहिली दाद आली, हाताला चेंडू लागल्याची. तो लागला होता मैदानाच्या मधोमध. दोन्ही मोबाईल बघत होते गोलरेषेकडं.

मग कडेच्या एका काकूंनी हात वर केला. त्यांच्याकडं होतं. त्यांनी मोबाईल दिला तो लॉक. पॅटर्न मारून उघडला, व्हिडिओ लावला आणि नेमका चेंडू हाताजवळ येताना सासूबाईंचा फोन आला. काकूंनी तो घेतला, "मैदानावर हाय, मागनं करते" म्हणाल्या, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. उन्हात पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं. शेवटी जुन्या काळच्या फोटोग्राफरसारखा टॉवेल डोक्यावर घेतला. टॉवेलच्या आत मी, मोबाईल, आणि दोन्ही बाजूंनी घुसलेली प्रशिक्षकांची डोकी. सावकाश लावून बघितलं तर पोरानं अगदी ठरवून हात घातल्यासारखा वाटला. नेहमीच्या वेगानं बघितलं तर चेंडू येऊन हातावर आदळला होता, पोराला कळायच्या आत. व्हीएआरच्या पंचांनाही हेच सांगितलेलं असतं. चेंडू कुठं लागला हे बघायला सावकाश चालेल, पण हात मुद्दाम होता का, धक्का किती जोराचा होता, हे नेहमीच्या वेगानंच बघायचं. सावकाश केलं की सगळेच गुन्हेगार दिसतात.

निर्णय तोच राहिला. टॉवेल काढला तेव्हा सहा मिनिटं गेली होती. वळून बघतो तर दोन्ही संघांची पोरं एकमेकांत मिसळून, कुणाच्या तरी पिशवीतला दुसरा चेंडू काढून, पलीकडच्या गोलवर खेळत होती. पंच नव्हता. भांडणही नव्हतं. त्यांना परत बोलावायला शिटी तीनदा वाजवावी लागली.

ती पद्धत आम्ही तिथंच सोडली. मग ठरलं ते असं. सामन्यात मोबाईलचा काही संबंध नाही. सामना संपल्यावर प्रत्येक संघातल्या एका पालकानं सगळ्यांचे व्हिडिओ गोळा करून माझ्याकडं द्यायचे. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवायचा नाही, कारण तिथं तो दाबला जातो आणि चेंडूचा पांढरा ठिपका उरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा किंवा आणून द्यायचा. निकाल बदलणार नाही. कार्ड चुकीच्या पोराला गेलं असेल तर मात्र संयोजकांनी नोंद दुरुस्त करायची. पालकांत एक वकील होते, त्यांनी आणखी एक घातलं. सगळ्यांच्या पोरांचे व्हिडिओ तुम्ही गोळा करताय, तर प्रत्येक घरातून लेखी संमती घ्या, २०२३ चा डेटाचा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत कडक आहे. तेव्हा ते मला जास्तीचं वाटलं होतं. त्याबद्दल पुढं सांगतो.

'आणून द्यायचा' म्हटल्यावर सोमवारी बँकेत गंमत सुरू झाली. एका बापानं पासबुकात पेन ड्राईव्ह घालून काउंटरवर सरकवला. मागच्या रांगेतल्या माणसानं ते बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी शाखाधिकाऱ्यांना आधीच जाऊन सगळं सांगून आलो.

पहिल्या सामन्याचे नऊ व्हिडिओ आले. सगळे जुळवायचे तर एक खूण लागते. मी सुरुवातीची शिटी धरली. पण त्यातही घोळ. साठ मीटरवरच्या मोबाईलपर्यंत शिटीचा आवाज पोचायला जवळजवळ पाच फ्रेम जातात. एका सामन्यात 'हाफटाईमच्या शिटीआधी चेंडू आत होता, आमच्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतंय' असा वाद झाला, तो या पाच फ्रेमनीच मिटला.

आणि मग कळलं की नऊ व्हिडिओंत सामना नाहीच. प्रत्येक व्हिडिओत एक पोरगं आहे. चेंडू चित्रात येतो, जातो, पुन्हा येतो, एखाद्या पाहुण्यासारखा. डाव्या बाजूला फाऊल झालाय, सगळं मैदान तिकडं धावतंय, आणि कॅमेरा मात्र उजव्या कडेला मोजे वर ओढणाऱ्या अकरा नंबरवर. त्याचे मोजे मी इतक्या वेळा बघितलेत की मला ते ओळखता येतील. चूक म्हणावी तर चूक कुणाचीच नाही. आपलं पोर सोडून चेंडूकडं बघायला आईबाप काय पंच आहेत?

आवाज मात्र सगळ्यांत होते. मैदानात पंचाला कडेचे आवाज एकत्र, एका गोंगाटासारखे ऐकू येतात. घरी हेडफोन लावून एकेक वेगळा ऐकला. "पळ माझ्या वाघा." "अरे पंचा, झोपलास काय?" आणि एका बापाचा अगदी हळू, बहुतेक स्वतःशीच बोललेला, "पड, आता पड. डीमध्ये पड." डी म्हणजे गोलपुढची चौकट, तिथं पाडलं तर पेनल्टी. दोन सेकंदांनी ते पोर पडलं. मी पेनल्टी दिली होती.

माझ्या चुका दुसरीकडंच होत्या. वादाच्या बहुतेक प्रसंगांत मी चित्रातच नव्हतो. मी कुठं होतो हे शोधायला दुसरा व्हिडिओ लावायचा, आणि तिथं मी असायचो वीस-पंचवीस मीटर मागं, कमरेवर हात ठेवून. आम्हाला शिकवतात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं तिरकं धावायला, म्हणजे लाईनमन एका बाजूला आणि आपण दुसऱ्या. पण इथं लाईनमन म्हणजे निशाण घेतलेलं पोर. त्यामुळं एका बाजूच्या डीकडं कुणीच बघत नव्हतं. आणि ती बाजू नेमकी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची, जिकडं वळताना मी नकळत वेग कमी करतो. हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं म्हणजे मी शिटी घाई करून मारतो. दोनदा दिसलं, पोराला पाय लागला, ते सावरलं, पुढं फक्त कीपर उरला होता, आणि माझी शिटी वाजली. त्याच्याच बाजूनं. ते पोर हात पसरून माझ्याकडं बघतंय आणि मी मोठ्या रुबाबात फ्रीकिक दाखवतोय. तो व्हिडिओ मी दोनदा बघू शकलो नाही.

वहीत लिहायला लागलो. रविवारी रात्री तास-दीड तास. बायको म्हणाली, परीक्षेला एवढं बसला असता तर आज शाखाधिकारी असता.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक व्हिडिओ आला तो वेगळाच होता. पूर्ण सामना, एकसलग, जरासुद्धा न हलणारा. मधोमध एक गोल, पुढं सगळी डी, आणि कीपर. खेळ दुसऱ्या टोकाला गेला की चित्रात नुसतं एक पोर बारला लोंबकळतंय, हातमोजे चावतंय, फक्कीत बुटानं काहीतरी लिहितंय. खेळ परत आला की सगळं आपोआप चित्रात शिरतं. ऑफसाईड नाही कळत, पण डीमध्ये काय घडलं ते सगळं. हाफटाईमला व्हिडिओ बंद, मग पलीकडच्या बाजूनं पुन्हा सुरू.

कीपरच्या आईचा मोबाईल होता तो. त्याही आपल्या पोराचाच व्हिडिओ काढत होत्या, बाकीच्यांसारखाच. फक्त त्यांचं पोर एका जागी उभं होतं.

राजारामपुरीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. मी विचारलं, "वहिनी, हात कसा हलत नाही तुमचा?" तर म्हणाल्या, "हातात कुठं धरते सर, पिशवीवर ठेवते. मला हातात ब्लाऊज असतो." कडेला बसून त्या हुक लावायचं काम करत. मोबाईल ब्लाऊजांच्या पिशवीला टेकवलेला. मी त्यांना प्रत्येक सामन्याला यायची विनंती केली. त्या तशाही येतच होत्या.

उपांत्य सामन्यात त्यांच्याच पोराच्या संघानं डीमध्ये समोरच्याचा शर्ट ओढला. चार-पाच पोरं गुंतलेली. मी पेनल्टी दिली आणि चार नंबरला पिवळं कार्ड दाखवलं. त्याच्या पाठीवरचा आकडा निम्मा उचकटलेला होता, पण मला चार दिसला. पोर म्हणालं, "सर, मी न्हाय." सगळेच म्हणतात. मी म्हटलं, चल, पळ. ते पुढं काही बोललं नाही. संघ जिंकला, तरी ते नाचणाऱ्या पोरांत नव्हतं. आमच्या स्पर्धेत दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर. त्याचं हे दुसरं होतं, आणि पुढचा सामना अंतिम.

रात्री वहिनींचा व्हिडिओ लावला. शर्ट ओढणारा हात चौदा नंबरचा होता. एकदा बघितलं, नेहमीच्या वेगानं. पुन्हा बघायची गरज पडली नाही. चार नंबर दोन पावलं लांब होता आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागं होते, मी शिकवल्यासारखे. चौदालाही आधीचं एक कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाला गेलो. चौदा नंबरला बाजूला घेतलं. मोबाईल खिशातून काढला नाही. नुसतं विचारलं, "बाळा, शर्ट कुणी ओढला?" त्यानं बुटाकडं बघितलं. "मी, सर." मग म्हणालं, "घरात सांगणार?" मी म्हटलं, प्रशिक्षकांना सांगावं लागेल. संयोजकांनी नोंद बदलली. पेनल्टी, गोल, निकाल सगळं तसंच राहिलं. चार नंबर अंतिम सामना खेळणार, चौदा बाहेर.

मग मला कळलं की चौदा नंबर म्हणजे वहिनींच्या जावेचा मुलगा. एकाच घरात राहतात, वरखाली. मैदानाच्या फाटकाशी त्या दिसल्या तेव्हा मी ओशाळून म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो. तुम्ही व्हिडिओ पाठवायच्या आधी बघितला नव्हता का?"

"बघितला होता की."

"मग?"

त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चार नंबरची आई येत न्हाय सर मैदानावर. रविवारी पण कामाला असते."

त्या आठवड्यात त्यांच्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही. अंतिम सामन्याला जाऊ मैदानाच्या त्या टोकाला बसली होती आणि वहिनी या.

अंतिम सामना टायब्रेकरवर गेला. शेवटची पेनल्टी समोरच्या संघाच्या एका पोरानं बारवरून मारली आणि ते तिथंच खाली बसलं. मी जाऊन उठवलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या रडण्याचा आठ सेकंदांचा तुकडा फिरत होता, मागं एक रडकं गाणं लावून आणि वर हसण्याच्या खुणा टाकून. तो आमच्याच गोळा केलेल्या व्हिडिओंतून गेला होता. म्हणजे मी 'काढा व्हिडिओ' म्हटलं होतं त्यातून. कुणी टाकला ते शेवटपर्यंत कबूल झालं नाही. वकिलांनी सांगितलेले संमतीचे कागद निम्म्या घरांतून आलेच नव्हते, आणि मी मागं लागलो नव्हतो. आता मी घरोघर फोन करून तो तुकडा काढायला लावला, तरी कुठं कुठं राहिला असेल कोण जाणे. ते पोर तीन आठवडे मैदानावर आलं नाही. मी त्याच्या घरी गेलो. आईनं चहा दिला. पोर आतल्या खोलीतून बाहेर आलं नाही. मी आतल्या दाराकडं तोंड करून, विश्वचषकात कोणकोण पेनल्टी चुकलेत त्यांची नावं सांगत बसलो. बॅजिओ, १९९४, अंतिम सामना, बारवरून. आतून आवाज आला, "माहिताय मला."

यंदा नियम बदललाय. संमतीचा कागद आल्याशिवाय पोराचं नाव संघात घालायचं नाही. व्हिडिओ फक्त संघाच्या एका पालकाकडं जमा होतात, मी माझं बघून झालं की पंधरा दिवसांत पुसतो. गोलरेषेवर तिपायी आहे, विटेला सुट्टी. मी मात्र दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूनं धावायला लागलोय, आणि फाऊल झाला की मनात एक-दोन मोजून मग शिटी. त्या दोन आकड्यांत कडेनं जे ऐकायला मिळतं ते लिहिण्यासारखं नाही.

गेल्या रविवारी हंगामाचा पहिला सामना झाला. वहिनी नेहमीच्या जागी होत्या, पिशवी होती. रात्री मोठ्या आशेनं त्यांचा व्हिडिओ लावला. पहिल्या मिनिटातच चित्र हललं. मग मैदान, मग कुणाच्या तरी चपला, मग आभाळ, मग डाव्या कडेनं पळणारं एक उंच पोर, आणि अगदी कानाजवळ, श्वास लागलेला आवाज, "पळ रे, पळ, पळ." पोराची उंची सुट्टीत वाढलीय. प्रशिक्षकांनी त्याला पुढं खेळवायचं ठरवलंय.